दुसरी वाट आहे का?

२४ मे २०१९ ला सुरतमध्ये क्लास चालणाऱ्या इमारतीला आग लागली. २२ जण गेले, बहुतेक विद्यार्थीच. त्याआधी २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं दगावली. आग स्वयंपाकघरातून छपराला लागली होती. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांना आग विझवण्याची साधनं सक्तीची केली. ठीकच झालं. पण गॅस, देवापुढचा दिवा, जुनं वायरिंग असलेल्या आपल्या घराचं काय?

मंडळातर्फे मी शाळांत जाते, तेव्हा चौथीच्या मुलांना घराचा नकाशा काढायला लावते. बाहेर पडायच्या दोन वाटा लाल खडूने, आणि बाहेर सगळ्यांनी जमायची एक जागा. मग दारापर्यंत रांगत जायचा खेळ. धूर वर चढतो, श्वास घ्यायला हवा मिळते ती जमिनीलगत. कपडे पेटले तर पळायचं नाही, लोळायचं. पलंगाखाली लपायचं नाही. बाहेर पडून १०१ ला फोन.

मुलं हौसेने करतात, पण बऱ्याच नकाशांत दुसरी वाटच नसते! मागचं दार पोत्यांनी अडलेलं, खिडकीला पक्की ग्रिल, कुलपाची किल्ली आजीच्या उशाखाली. चोराच्या भीतीने आपण घर बंद केलं, आगीचा विचारच केला नाही.

मैत्रिणींनो, पालकसभेत हा उपक्रम जरूर मागा. पण आधी मागचं दार मोकळं करा आणि किल्ली मुलांच्या हाताला येईल अशी दाराजवळ टांगा. शाळा वाट शिकवेल, ती मोकळी ठेवणं आपल्याच हाती आहे.