शाळेची वेळ आणि मुलीची वेळ

शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकारी निवृत्त होतो तेव्हा शाल, श्रीफळ आणि भाषणे यांचा सोहळा ठरलेलाच असतो. किती शाळा तपासल्या, किती इमारती उभ्या राहिल्या, निकालाची टक्केवारी किती चढली, याचा हिशेब तेथे वाचला जातो. त्या इमारतींच्या दारापर्यंत जी मुले पोचलीच नाहीत त्यांचा उल्लेख कोणी करत नाही. समारंभाच्या शिष्टाचारात तो बसतही नाही. डॉ. चित्रा नाईक यांच्या कारकिर्दीचा गौरव करायचा तर मात्र सुरुवात याच मुलांपासून करावी लागते.

१९१८ साली पुण्यात जन्मलेल्या चित्राताईंनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, कोलंबिया विद्यापीठात पुढील अध्ययन केले आणि परतल्यावर गारगोटीसारख्या आडवळणाच्या गावी मौनी विद्यापीठाच्या कामात जे. पी. नाईक यांच्यासमवेत स्वतःला जोडून घेतले. पुढे त्या राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या, १९८६ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या आणि १९९० च्या दशकात नियोजन मंडळावर गेल्या. २०१० साली त्यांचे निधन झाले. पदांची ही यादी आदरणीय आहे. परंतु त्यांचे खरे काम या यादीबाहेरचे आहे. शासकीय सेवेनंतर इतर अधिकारी ज्या वयात आठवणी लिहावयास बसतात, त्या वयात या बाई पुणे जिल्ह्यातील खेड्यांत रात्रीचे वर्ग भरवीत होत्या.

या वर्गांमागील विचार मुळात अर्थशास्त्राचा होता. प्राथमिक शाळेला फी नाही, म्हणून ते शिक्षण मोफत आहे, असा आपला समज असतो. दहा वर्षांची मुलगी घरी धाकट्या भावाला सांभाळते, म्हणून आई खुरपणीला जाऊ शकते. ती मुलगी अकरा ते पाच शाळेत बसली तर आईची दिवसाची मजुरी बुडते. हीच त्या शाळेची फी, आणि ती गावातील सर्वांत दरिद्री घराकडूनच वसूल होते. पालकांच्या अज्ञानावर व्याख्याने देऊन ही फी माफ होत नाही. चित्राताईंनी व्याख्याने दिली नाहीत; शाळेची वेळ बदलली. दिवसभराची कामे आटोपल्यावर, गावाला व मुलांना सोयीच्या वेळी, मिळेल त्या जागेत, गावातल्याच माणसाने शिकवावयाचे, अशी त्या वर्गांची रीत होती. नऊ ते चौदा वयाची मुले येत, आणि त्यांत मुलीच अधिक असत. परीक्षेची धास्ती घालण्याऐवजी बालजत्रा भरवून मुलांनी काय कमावले ते गावासमोर मांडले जाई. खात्याच्या शिखरावर बसलेल्या व्यक्तीने खात्याचे घड्याळच चुकीचे आहे असे म्हणावे, ही गोष्ट लहान नव्हे.

या प्रयोगावर समाजवादी मंडळींनी घेतलेला आक्षेपही येथे नोंदवला पाहिजे. धनिकांच्या मुलांना पूर्ण वेळाची शाळा आणि मजुरांच्या मुलींना रात्रीचे दोन तास, ही विषमतेवर घातलेली फुंकर नव्हे काय? १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनौपचारिक शिक्षणाला जे स्थान दिले आणि त्यानंतर अल्प मानधनावर जी केंद्रे उघडली गेली, ती पाहता हा आक्षेप शासनाला पुरेपूर लागू पडतो. चित्राताईंना तो लागू पडत नाही. रात्रीचा वर्ग हा मुलीला शाळेपर्यंत आणणारा रस्ता असावा, शाळेचा स्वस्त पर्याय नव्हे, हीच त्यांची भूमिका होती. ज्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) जे. पी. सदस्य-सचिव होते, त्याने सर्व थरांतील मुलांसाठी एकच परिसर-शाळा आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के खर्च, या शिफारशी केल्याच होत्या. राज्यकर्त्यांनी या परंपरेतला स्वस्त भाग उचलला आणि महाग भाग ग्रंथालयात ठेवला.

तेच गणित आता उघडपणे मांडले जात आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे त्याखालील नियमांनी ठरवले. त्याच महाराष्ट्रात २०१७ साली दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १३०० च्या वर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची कल्पना पुढे आली. कमी पटाची शाळा परवडत नाही, असे सांगितले जाते. कोणाला परवडत नाही? शाळा बंद झाल्याने तिजोरीत जे वाचते ते अंदाजपत्रकात दिसते. वाडीवरच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून जावे लागते, तिला पोचवण्यासाठी बापाचा अर्धा रोज मोडतो आणि सातवीनंतर तिचे नाव गळते, हा खर्च कोणत्याही लेखाशीर्षाखाली येत नाही. खर्च कमी झालेला नाही. तो शासनाच्या खात्यातून मजुराच्या खात्यावर टाकला गेला आहे. लहान पटाच्या शाळेत एकट्या शिक्षकाने चार इयत्ता सांभाळणे कठीण असते, हे खरेच. पण त्यावर दुसरा शिक्षक नेमणे हाही एक उपाय आहे, याचा विचार फारसा होताना दिसत नाही.

चित्राताईंचे नाव एखाद्या सभागृहाला देण्याची सूचना कोणी केली तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी मात्र दुसरी एक मागणी लावून धरावी. शाळा जेथे बंद होईल, तेथे तिच्या पटावरील प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे नाव पुढील जूनमध्ये कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर आहे, त्याची यादी गटशिक्षणाधिकाऱ्याने स्वतः ग्रामसभेत येऊन वाचून दाखवावी.