स्क्रूज, मिकी आणि मावशींचे खाडे

डिसेंबर आला की आमच्या शिरगावात दोन गोष्टी हमखास होतात. पहाटेच्या लोकलसाठी कपाटातून स्वेटर निघतात (आणि साडेदहाला पुन्हा बॅगेत जातात), आणि बिल्डिंगमधल्या पोराटोरांना ‘ख्रिसमस पार्टी’ हवी असते. गणपती, दहीहंडी, हळदीकुंकू सगळं दणक्यात करणाऱ्या सोसायटीत सांताची टोपी नेमकी कधी शिरली ते मला विचारू नका. शिरली, एवढं खरं.

आणि मी पडले फ्रीलान्सर. नातेवाइकांच्या भाषेत, ‘ती काय, घरीच असते’. त्यामुळे चोवीस तारखेच्या दुपारी माझा भाचा धरून सात पोरं, एक बरणी चकल्या आणि ताईचा टीव्ही अशी सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात! ताई-जिजू दोघंही ऑफिसला. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि मनातल्या मनात घोषणा केली : शिरगाव स्क्रूज फिल्म फेस्टिव्हल.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर दोन वाक्यांत सांगते. लंडनमधला एक महाचिक्कू पेढीवाला, एबेनेझर स्क्रूज. नाताळच्या आदल्या रात्री त्याचा मेलेला पार्टनर मार्ली साखळदंड ओढत येतो, पाठोपाठ भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवणारी तीन भुतं येतात, आणि सकाळी म्हातारा पार बदललेला असतो. चार्ल्स डिकन्सचं हे छोटंसं पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला बाजारात आलं. त्यावर पहिला मूकपट इंग्लंडमध्ये १९०१ सालीच निघाला, आणि तेव्हापासून ही रांग काही थांबलेली नाही.

सुरुवात केली डिस्नीच्या ‘मिकीज ख्रिसमस कॅरोल’ने (१९८३). कारण साधं, अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि पोरांचा पेशन्स तेवढाच असतो. यात स्क्रूज कोण? आपले अंकल स्क्रूज! नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर ‘डक टेल्स’ हिंदीतून पाहिलेल्या समस्त दादा-ताई मंडळींचे तेच ते नोटा-नाण्यांत पोहणारे काका. गंमत म्हणजे या बदकाला १९४७ साली कॉमिक्समध्ये नाव मिळालं ते डिकन्सच्या स्क्रूजवरून, आणि छत्तीस वर्षांनी तोच बदक डिकन्सचा स्क्रूज म्हणून उभा राहिला. याला म्हणतात कास्टिंग!

मिकी झालाय त्याचा कारकून, बॉब क्रॅचिट. ऑफिसात गारठा. मिकी हळूच कोळशाचा एक तुकडा शेगडीत टाकायला जातो, तर साहेब ओरडतात की गेल्याच आठवड्यात एक वापरला होतास! तीन वर्षांपूर्वी त्याला अर्ध्या पेनीची पगारवाढ मिळालेली असते, तीही साहेबांचे कपडे धुवायला लागल्यावर. मग मिकी चाचरत नाताळची अर्ध्या दिवसाची सुट्टी मागतो. स्क्रूज म्हणतो घे, पण अर्ध्या दिवसाचा पगार कापणार.

इथे भाच्याने विचारलं, ‘‘मावशी, पगार कापणार म्हणजे काय?’’

मी चकली चावत अगदी सहज सांगून गेले, ‘‘अरे, आपण नाही का मावशींचे खाडे मांडत कॅलेंडरवर? तसं.’’

‘‘अच्छा,’’ तो म्हणाला आणि पुन्हा टीव्हीत घुसला. त्याचं समाधान झालं होतं. माझी चकली मात्र तोंडात तशीच राहिली.

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी, कालनिर्णय लटकतं. त्याला दोरीने एक बॉलपेन बांधलंय. दूध, गॅस, इस्त्रीवाला आणि मावशी, सगळ्यांचा हिशेब तिथेच. मावशी आल्या नाहीत की तारखेभोवती गोल. (भाचा मलाही मावशी म्हणतो आणि त्यांनाही. हाक आली की आम्ही दोघी ‘काय रे’ म्हणतो.) भांडी आणि झाडू-पोछा, महिना अठराशे. महिन्यात एक सुट्टी माफ, पुढची कापायची. हा नियम ताईचा, अंमलबजावणी माझी. नोव्हेंबरात त्यांच्या धाकट्याला ताप आला होता तेव्हा चार गोल पडले. एक माफ, उरले तीन. साठ गुणिले तीन, एकशेऐंशी. मीच कापले होते. त्या काही बोलल्या नव्हत्या, मिकीसारख्याच.

टीव्हीवर शेवटी स्क्रूजकाका मिकीला पगारवाढ देतात आणि डायरेक्ट पार्टनर करून टाकतात. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला हा शेवट कधीच पटला नाही. पार्टनर? बॉस, अप्रेझलच्या सीझनला हे कुणी ऐकलंय? पुस्तकात असलं काही नाही. तिथे स्क्रूज पगार वाढवतो, घरच्यांना मदत करू म्हणतो आणि ‘आधी कोळसा आण’ असं फर्मावतो. आधी कोळसा! हे जास्त खरं वाटतं.

दुसरा पिक्चर ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ (१९९२). आता माझं प्रामाणिक मत सांगते. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा स्क्रूज हाच. दिग्दर्शक ब्रायन हेन्सन, मपेट्सचे जनक जिम हेन्सन यांचा मुलगा. वडील १९९० मध्ये गेले आणि त्यानंतर त्याने केलेला हा पहिलाच सिनेमा. स्क्रूज म्हणजे मायकेल केन, आणि भोवती सगळी कापडाची बाहुली. बेडूक कारकून, उंदीर हिशेबनीस, डिकन्सच्या भूमिकेत निळा गोंझो! पण हा माणूस एका फ्रेममध्येही ‘मी बाहुल्यांबरोबर काम करतोय’ असं तोंड करत नाही. शेक्सपिअर करावा तसा करतो. म्हणून पोरं हसता हसता गप्प होतात.

ऑफिसचा सीन तर आपल्या लोकांनी बघायलाच हवा. उंदीर हिशेबनीस थंडीने कुडकुडत जादा कोळसा मागतात. स्क्रूज वळून एवढंच विचारतो की अचानक बेकार व्हायला कसं वाटेल? पुढच्या सेकंदाला सगळे उंदीर हवाईच्या बीचवर असल्यासारखे नाचायला लागतात, उकडतंय उकडतंय म्हणून! ज्याने ज्याने एसी बंद पडलेल्या मीटिंगमध्ये ‘नाही सर, कम्फर्टेबल आहे’ म्हटलंय, त्याने हात वर करा.

पण पुढे बेडूक कारकून सुट्टी मागतो, आणि तीही कशी? दया मागत नाही. उद्या सगळ्यांचे धंदे बंद, व्यवहार करायला कुणी नाही, उगीच महागाचा कोळसा जळेल. चोख हिशेब! आणि स्क्रूज विरघळतो तो या हिशेबापुढे. माझ्या माहितीतल्या एकाही एचआर वर्कशॉपमध्ये हे शिकवत नाहीत. शेवटी पगारवाढीसोबत तो बॉबच्या घराचं कर्जसुद्धा फेडतो. होम लोन! बदलापुरात या सीनला शिट्ट्या पडायला हरकत नाही.

तिसरा लावला तो रॉबर्ट झेमेकिसचा, २००९ चा. जिम कॅरी स्क्रूज आणि तिन्ही भुतंही तोच. सुरुवातीलाच मार्लीचं प्रेत आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवलेली दोन नाणी स्क्रूज उचलून खिशात टाकतो. दोन पोरं गोधडीत गेली, तिसरं घरी जायचं म्हणून रडायला लागलं. बंद केला. ‘फॅमिली फिल्म’ असं पोस्टरवर लिहिणाऱ्यांनी एकदा सात पोरं सांभाळून दाखवावीत.

पोरं पांगल्यावर मी एकटीने ‘स्क्रूज्ड’ (१९८८) पाहिला. तो मोठ्यांचा. बिल मरे टीव्ही चॅनलचा बॉस, विरोधात बोलला म्हणून ख्रिसमसच्या तोंडावर एकाला काढून टाकतो, आणि बोनसच्या यादीत स्वतःच्या सेक्रेटरीच्या नावापुढे टॉवेल टाकतो. टॉवेल! हसू येईना. एका पोर्टलकडे माझ्या तीन लेखांचे पैसे तीन महिने अडकले होते. फोन केला की ‘नेक्स्ट सायकलमध्ये’. ती सायकल बहुतेक पंक्चर असावी. म्हणजे चर्चगेटपासून अंधेरीपर्यंत मी बॉब क्रॅचिट, आणि शिरगावात दार उघडून स्वयंपाकघरात शिरले की कालनिर्णयवाली स्क्रूज. सिनेमात ही दोन माणसं असतात. दोन वेगळे नट घेतात त्यांच्यासाठी.

त्या रात्री जरा पुस्तक चाळलं. बॉबचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. आणि पुस्तकाची किंमत? पाच शिलिंग. म्हणजे बॉबला स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायची तर आठवड्याचा एक तृतीयांश पगार घालवावा लागला असता. पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आत संपल्या. तरी रंगीत चित्रं आणि सोनेरी छपाईवर डिकन्सने एवढा खर्च करून ठेवला होता की हजार पौंडांची आशा धरून बसलेल्या लेखकाच्या हातात पहिल्या हिशेबात २३० पौंडच आले. वर पुस्तकाची चोरटी आवृत्ती निघाली, त्याने खटला भरला, जिंकला, चोरांनी दिवाळं काढलं आणि कोर्टाचा खर्च, सुमारे सातशे पौंड, याच्याच बोडक्यावर. फ्रीलान्सर बांधवांनो, परंपरा जुनी आहे!

अजून एक. बॉब राहतो कॅम्डेन टाउनला. तेव्हाचं लंडनच्या कडेचं, कारकुनांना परवडणारं उपनगर. म्हणजे हो, त्या काळचं बदलापूरच. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला पोहोचतो साडेअठरा मिनिटं उशिरा. साडेअठरा! आमच्याकडे याला ‘गाडी वेळेवर होती’ म्हणतात.

मग साहजिकच डोक्यात आलं की डोंबिवलीत झोंबी येऊन गेले (‘झोंबिवली’, २०२२), कोकणातला मुंज्या २०२४ मध्ये हिंदीत गाजला, मग बदलापुरात मार्ली का नको? आपल्याकडे त्याला नाव तयार आहे, समंध. इस्टेटीत जीव अडकलेला, मेल्यावरही तिजोरीपासून न हलणारा. अडचण होईल ती सणाची. लंडनमध्ये सणाच्या दिवशी हिशेबाच्या वह्या उघडणारा माणूस पापी ठरतो. आपण लक्ष्मीपूजनाला त्याच वह्यांना हळदकुंकू वाहतो! मराठी स्क्रूज बिचारा म्हणेल, मी तर शास्त्रानेच चाललोय. त्याला पकडायचं तर बोनसवर पकडावं लागेल. बोनसच्या कायद्याने किमान ठरवला तो ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक पूर्ण पगार. पण हे कारखाने आणि कंपन्यांसाठी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाला तो कायदा लागू नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण आजारी पोराच्या खाड्याचं काय करायचं ते आमच्या घरात अजून ताईच ठरवते.

पंचवीसला सकाळी मावशी नेहमीसारख्या आल्या. येऊ नका असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ताई-जिजू झोपलेले. मी पर्समधून एकशेऐंशी काढून ओट्यावर ठेवले.

‘‘हे कशाचे, ताई?’’

‘‘नोव्हेंबरचे. कापले होते ते.’’

त्यांनी हात पुसले, पैसे मोजले. सिनेमात इथे व्हायोलिन वाजतात. मावशी म्हणाल्या, ‘‘मग तवाच द्यायचे ना. औषधाला उसने घेतले मी.’’

मला काही सुचेना. ‘‘हो, चुकलंच,’’ म्हटलं.

त्यांनी नोटा बटव्यात टाकल्या, नळ सोडला, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘आणि उद्या येत नाही मी. भैनीकडं जायचंय उल्हासनगरला. आज सांगून ठेवते.’’

‘‘जा ना,’’ मी म्हटलं.

सव्वीसला मी उशिरा उठले. ताई ८ च्या आत निघून गेली होती. सिंकमध्ये रात्रीची भांडी तशीच, आणि कालनिर्णयवर २६ भोवती ठसठशीत गोल. खोडायला रबर शोधलं, पण पेन बॉलपेन आहे. शेवटी गोलाच्या शेजारी ‘माफ’ लिहिलं आणि भांडी घासायला घेतली. संध्याकाळी ताईशी त्यावरून वाजलं. अजून मिटलेलं नाही.