एक दिवस जास्त, एक हमाल जास्त

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातजण नेपाळातील अन्नपूर्णा बेस कॅम्पला जायचे ठरवीत आहोत. कँटीनमध्ये रोज नकाशा पसरला जातो. तंबू नको, शिधा नको. वाटेवर स्थानिक लोकांची चहाघरे आहेत, तेथे अंथरूण आणि डाळभात मिळतो. दोर-कुऱ्हाडही लागत नाही. म्हणून ही चाल ‘मध्यम’ समजली जाते. या ‘मध्यम’ शब्दानेच आमची फसगत होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेस कॅम्पची उंची ४,१३० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असा संकेत आहे. आमच्या आराखड्यात मात्र सुमारे ३,२०० मीटरवरील देउरालीहून एका दिवसात थेट बेस कॅम्प! मधे ३,७०० मीटरवर माछापुच्छ्रेचा तळ आहे. तेथे एक रात्र काढणे शहाणपणाचे. डोके दुखून ओकाऱ्या सुरू झाल्या तर वर न जाता खाली उतरावे लागते, त्यासाठीही हाती दिवस हवा. तोच आम्ही पैसे वाचवण्यासाठी कापला आहे.

दुसरी काटछाट हमालांची. “सातांचे सामान दोघे उचलतील, त्यांना सवय असते,” असे कोणी म्हणाले. मीही गप्प बसलो.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. रात्री आई त्यांच्या पाठीला तेल चोळते, तेव्हा ही सवय कुठे जाते? महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यापूर्वीही हमालांना ‘सवय’ होतीच!

अन्नपूर्णा शिखर १९५० साली हर्झोग आणि लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांनी प्रथम सर केले. परतताना दोघांचे पाय हिमदंशाने निकामी झाले. शेर्पांनी व हमालांनी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणले. आपण नावे मात्र दोघांचीच पाठ करतो.

वर्गणीसाठी घरी विषय काढला, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, “तिथं ओझी कोण वाहतं रे?” मला उत्तर देता आले नाही.

मित्रहो, माझी सूचना साधी आहे. एक दिवस वाढवा, एक हमाल वाढवा. खर्च वाढेल, हे मला सर्वांत आधी कळते. पैसे जमले नाहीत तर पुढच्या वर्षी जाऊ. डोंगर तेथेच असणार आहे.