अळणी जेवणाची आठवण

साठीच्या पुढची स्त्री रक्तदाब तपासायला गेली, की तिच्यासाठी चार-पाच प्रश्न ठरलेले असतात. मधुमेह आहे का, आईवडिलांना हृदयविकार होता का, मिश्री लावता का, झोप नीट लागते का. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो : बाळंतपणात तुमचा रक्तदाब वाढला होता का? तो राहून जातो याचा दोष सगळा डॉक्टरांच्या घाईला देता येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा आजच्या हृदयाशी संबंध असू शकतो, हे वैद्यकशास्त्रानेही फार उशिरा मान्य केले.

प्रथम तो विकार काय आहे ते पाहू. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाऊ लागला, आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर ताण दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रि-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो वाढून फीट आली, तर तो एक्लॅम्प्सिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वीज चमकणे’ असा आहे, आणि ज्यांनी घरात ती फीट पाहिली आहे त्यांना हे नाव किती समर्पक आहे ते सांगावे लागणार नाही. जुन्या पुस्तकांत या विकाराला ‘टॉक्सीमिया’, म्हणजे रक्तातील विषबाधा, असे नाव होते. ते विष कोणते, हे मात्र तेव्हा कुणालाच सापडले नव्हते.

आज चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. गर्भ रुजताना गर्भाशयातल्या बारीक, नागमोडी धमन्या चांगल्या रुंद व्हाव्या लागतात. तरच वारेला भरपूर रक्त मिळते. पांझरेच्या काठची फड पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बंधाऱ्यात पाणी असूनही पाट अरुंद राहिला, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोहोचत नाही. तसेच येथे होते. रक्त कमी पडलेली वार काही प्रथिने आईच्या रक्तात जास्त प्रमाणात सोडते. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यांतील एक महत्त्वाचे प्रथिन दाखवून दिले. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी ठेवणारे जे घटक शरीरात असतात, त्यांनाच हे प्रथिन बांधून टाकते. अस्तर बिघडते, वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. म्हणजे वरवर हा गर्भाशयाचा विकार दिसला, तरी त्याचा घाव बसतो तो आईच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांवर.

बाळ झाले, वार पडली, की रोग संपला, असे डॉक्टर सांगत आणि घरचेही सुटकेचा श्वास टाकत. रक्तदाब काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतोही. पण त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, याचा शोध घेतला गेला तेव्हा निराळेच दिसले. २००७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३५ लाख स्त्रियांची माहिती होती, आणि त्यांपैकी जवळजवळ २ लाख स्त्रियांना हा विकार झालेला होता. या स्त्रियांमध्ये पुढच्या आयुष्यात कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचे प्रमाण इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचे दुप्पट, तर पक्षाघाताचे पावणेदोन पटींहून अधिक आढळले. पुढच्याच वर्षी नॉर्वेतील नोंदींवरून मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याशीही संबंध दिसला. २०११ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत या विकाराच्या पूर्वेतिहासाचा समावेश केला. २०१८ साली डेन्मार्कमधील ११ लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने येणारा स्मृतिभ्रंश या स्त्रियांमध्ये तिपटीहून जास्त आढळला.

हे आकडे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. ‘तिप्पट’ म्हणजे मुळात जे प्रमाण थोडे आहे त्याच्या तिप्पट. मूत्रपिंडाच्या आणि स्मृतीच्या विकारांबाबत तर ते मूळ प्रमाण बरेच कमी आहे, आणि हा त्रास होऊन गेलेल्या बहुसंख्य स्त्रियांना यांपैकी काहीही होत नाही. शिवाय गरोदरपणाने वाहिन्या बिघडवल्या, की आधीच नाजूक असलेल्या वाहिन्या त्या नऊ महिन्यांच्या कसोटीत उघड्या पडल्या, हा वाद अजून मिटलेला नाही. मला दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या वाटतात. रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच : शरीराने तरुणपणीच एक सूचना दिलेली होती.

ती सूचना आपल्याकडे हरवते कशी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. हा विकार पहिलटकरणीत अधिक आढळतो, आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी धुळ्याला दिलेली, पण सातव्या महिन्यानंतर ती चोपड्याला किंवा यावलला आईकडे गेली. तिथल्या दवाखान्यात रक्तदाब चढला, धावपळ झाली, जळगावला हलवावे लागले, बाळ आठव्या महिन्यात झाले. सव्वा महिन्याने ती सासरी परतली तेव्हा कडेवर बाळ होते आणि ओटी भरलेली होती. कागद मात्र माहेरच्या ट्रंकेतच राहिले. सासरी कुणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. ‘पहिल्याच खेपेला सून आजारी’ हा शिक्का नको, म्हणून तिच्या आईनेही विषय वाढवला नाही. पुढे तिचे आईवडील गेले, दवाखाना बंद झाला, आणि त्या आजाराचा शेवटचा साक्षीदार म्हणून ती एकटीच उरली. आज तिला औषधाच्या गोळ्या काढून देणारा मुलगा तेच आठव्या महिन्यातले बाळ आहे, आणि त्यालाही यातले काही माहीत नाही.

म्हणून काळजी घेणाऱ्यांनी विचारावे. पण कसे विचारावे, याला महत्त्व आहे. ‘आई, तुला प्रि-एक्लॅम्प्सिया झाला होता का?’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. त्या काळी कित्येक ठिकाणी रक्तदाब मोजलाच जात नसे, आणि मोजला तरी आकडा गरोदर बाईला कोण सांगणार? तिला आठवतील त्या गोष्टी विचाराव्यात. जेवण अळणी करायला सांगितले होते का? त्या काळी अंगावर सूज दिसली, की मीठ तोडण्याचा सल्ला हमखास मिळे. कळण्याची भाकरी आणि बिनमिठाची भाजी महिनाभर खावी लागली असेल, तर ती बाई ते जन्मात विसरत नाही. (गरोदरपणातील या विकारावर मीठ तोडण्याचा फारसा उपयोग होत नाही, असे आता दिसून आले आहे, पण आठवणीची खूण म्हणून हा प्रश्न उत्तम.) चेहरा आणि हात इतके सुजले का, की बांगड्या उतरेनात? लघवीत ‘आल्बुमिन’ जाते, असे कुणी म्हणाले होते का? डोळ्यांपुढे काजवे, डोके फुटेल अशी वेदना? फीट आली होती का? बाळ दिवस भरण्याआधी काढावे लागले का, वजनाने फार लहान होते का?

नुसती पायांची सूज अनेक गरोदर स्त्रियांना येते, तिच्यावरून काही ठरत नाही. दोन-तीन खुणा एकत्र जुळल्या, तर डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती हाती आली असे समजावे.

आणखी एक प्रश्न आहे, तो सर्वांत अवघड. पहिले बाळ पोटातच गेले होते का? पुष्कळ घरांत अशा बाळाचा उल्लेखच होत नाही. चार भावंडांना आपल्याआधी आणखी कुणी होते, हे ठाऊकही नसते. फिटलाही तेव्हा ‘बाहेरचे’ म्हटले जाई, आणि बाईच्या वाट्याला उपचारांऐवजी अंगारे येत. हा प्रश्न मुलीने विचारावा किंवा सुनेने. एकांतात, घाई नसताना, आणि ती बोलू लागली तर मध्ये न थांबवता. त्यातून वैद्यकीय माहिती निघेलच असे नाही. तिला ते कुणाशी तरी बोलायचे राहून गेले असणे मात्र अगदी शक्य आहे.

समजा, उत्तर ‘हो’ आले. मग करायचे काय? नवे, महाग असे काहीच नाही. जे सर्वांनी करायचे तेच या स्त्रियांनी अधिक काटेकोरपणे आणि लवकर करायचे. रक्तदाब नियमित मोजणे, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरलेल्या काळाने करणे, चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद न करणे. धाप, छातीत जडपणा, जबडा किंवा पाठ दुखणे, अकारण थकवा यांना ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून न देणे. वाढत्या वयात मीठ खरोखरच महत्त्वाचे ठरते, आणि आपल्या खानदेशी ताटात ते भाजीपेक्षा ताटाच्या डाव्या बाजूने अधिक येते : पापड, बिबडे, लोणचे, ठेचा. शेवभाजीतल्या शेवेचाही हिशेब धरावा. मिश्री सुटली, तर निम्मे काम झाले.

घरी रक्तदाब मोजत असाल तर आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा बाहीवरून नव्हे, उघड्या दंडावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, मिश्री नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. घरी मोजताना १३५/८५ च्या वर सतत आकडे येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावेत.

आता नातींविषयी. आजीच्या आठवणीचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित त्यांनाच आहे. आईला किंवा बहिणीला हा विकार झालेला असेल, तर मुलीला धोका वाढतो, हे जुनेच ज्ञान. पण २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यातील नोंदींवरून असेही दिसले, की अशा गरोदरपणातून जन्मलेल्या पुरुषांच्या पत्नींनाही हा विकार अधिक प्रमाणात होतो. म्हणजे सुनेची नाव-नोंदणी करताना सासूचे बाळंतपणही विचारात घ्यायला हवे! ही माहिती पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांपर्यंत पोहोचली, तर उपयोगी पडते, कारण धोका अधिक असलेल्या स्त्रियांना तेव्हापासूनच कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन देता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दिवस भरण्याआधी उद्भवणारा प्रि-एक्लॅम्प्सिया अ‍ॅस्पिरिनमुळे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ही गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच; आजोबांच्या डब्यातली काढून देऊ नये. कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्या मात्र न चुकता घ्याव्यात, कारण ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांच्यात त्यामुळेही हा धोका घटतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

रक्तदाब १६०/११० वर गेला, तर ती तातडीची वेळ असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून धुळ्याला किंवा जळगावला पोहोचेपर्यंत काय करायचे, हा प्रश्न आपल्या भागात पुस्तकी नाही. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ८९४ गरोदर स्त्रियांवर तीन साध्या, स्वस्त, तोंडाने घेण्याच्या औषधांची तुलना केली गेली. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा, तिन्हींनी बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब सहा तासांत आटोक्यात आणला. २०१९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. शिरेतून द्यायच्या औषधांची आणि सतत देखरेखीची सोय नसलेल्या दवाखान्यालाही उपचार सुरू करता येतो, हा त्याचा अर्थ.

बाळंतिणीच्या खोलीत बसणाऱ्या आज्यांना एक सूचना. हा विकार प्रसूतीनंतरही, सहा आठवड्यांपर्यंत, डोके वर काढू शकतो. बाळंतीण डोके दुखते म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली, की कानाला फडके बांधून शेगडीवर भागवू नये. आधी रक्तदाब मोजावा आणि वाढलेला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रसूतीनंतर घरी रोज रक्तदाब मोजून त्यानुसार औषध ठरवलेल्या मातांचा खालचा रक्तदाब नऊ महिन्यांनीही इतर मातांपेक्षा सुमारे ६ अंकांनी कमी राहिला. अभ्यास २२० मातांचाच होता. तरी चाळिशी-पन्नाशीचा आजार त्या सव्वा महिन्यातच अडवता येईल, अशी आशा त्यातून वाटते. मुलगी सासरी निघाली, की ओटीबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड आणि दवाखान्याचे कागदही तिच्या पिशवीत घालावेत.

आणि तुमची स्वतःची औषधांची वही असेलच. तिच्या पहिल्या पानावर, मधुमेह-रक्तदाबाच्या ओळींच्याही आधी, दोन ओळी लिहून ठेवा. उदाहरणार्थ : ‘पहिले बाळंतपण १९८३, माहेरी. आठव्या महिन्यात अंगावर सूज, जेवण अळणी, एकदा फीट. बाळ लवकर झाले. दुसऱ्या वेळी त्रास नाही.’ पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांसमोर वही त्याच पानावर उघडा.