विशेष मुलांनी शिकायचे कुठे?

जून जवळ आला की विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईवडिलांपुढे दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो. मुलाला सगळ्यांसोबत नेहमीच्या शाळेत घालायचे, की विशेष शाळेत? कायद्याने ही निवड त्यांच्यावर सोपवली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले ६ ते १८ वर्षांचे मूल घराजवळच्या किंवा विशेष शाळेत, हवे तिथे, मोफत शिकू शकते.

कुठे जास्त प्रगती होते, हे तपासणे दिसते तितके सोपे नाही. सौम्य अडचण असलेली मुले बहुधा नेहमीच्या वर्गात जातात, तीव्र अडचण असलेली विशेष वर्गात. नुसत्या गुणांची तुलना केली तर नेहमीचा वर्ग पुढे दिसणारच! ही गफलत टाळू पाहणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 'कॅम्पबेल कोलॅबरेशन' या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. भाषा, गणित, भावनिक-सामाजिक विकास या साऱ्यांत सरासरी फरक जवळपास शून्य निघाला. याचा अर्थ वर्ग कोणताही चालेल असा नाही. काही मुलांना फायदा आणि काहींना तोटा झाला, तरी सरासरी शून्यच येते.

कर्णबधिर मुलाचे उदाहरण घ्या. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, की त्यांच्या ओठांच्या हालचालीही त्याला दिसत नाहीत. खुणांची भाषा येणारा एकही सोबती नसेल, तर भरल्या वर्गात ते एकटे पडते. त्याच्यासाठी विशेष शाळा म्हणजे गप्पा मारण्याची जागाही असते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही. वाचनाचा खास सराव आणि परीक्षेत जादा वेळ मिळाला, तर ते वर्गासोबत चालते. स्वमग्न मुलांचे कोणतेही एकच उत्तर नाही. काहींना वर्गातला गोंगाट असह्य होतो, पण रोज तासभर शांत खोली मिळाली तर बाकीचा दिवस ती इतरांत रमतात.

पण ही खास मदत करायची कोणी? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितले आणि सरकारने ते २०२२ मध्ये ठरवले: प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून परिसरातील शाळांसाठी फिरते शिक्षक चालतील, असेही न्यायालयाने सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला पदे निश्चित करा आणि भरा, असे राज्यांना पुन्हा बजावावे लागले. 'तात्पुरते' हा आपल्याकडचा भारी चिवट शब्द! अधूनमधून येणारा शिक्षक मुलाची नोंद ठेवू शकेल, पण त्याला वाचायला कसा शिकवणार? अशा शाळेतला प्रवेश म्हणजे हजेरीपटावरचे नाव, एवढेच.

म्हणून प्रवेश घेताना शाळेला थेट विचारा. विशेष शिक्षक आठवड्यातून किती तास असतो? माझ्या मुलासाठी लेखी शिक्षण आराखडा कोण करणार आणि तो कधी तपासणार? मधल्या सुट्टीत ते कोणासोबत असेल? विशेष शाळेलाही हेच प्रश्न विचारा, आणि आणखी एक: इथून नेहमीच्या शाळेत गेलेली मुले किती?