यंत्राचा वेग आणि माणसाचा हात

‘यंत्रमानव : शाप की वरदान?’ हा विषय आता शाळाशाळांच्या वादविवादसभांत रुळून गेला आहे. एक पक्ष म्हणतो, यंत्र माणसाच्या तोंडचा घास काढून घेईल. दुसरा म्हणतो, ते त्याला कष्टांतून सोडवील. टाळ्या दोघांनाही मिळतात. परंतु आमच्या मते मूळ प्रश्न निराळाच आहे. कारखान्यात माणूस आणि यंत्र यांनी काम कसे वाटून घ्यावे आणि त्या कामाची गती कोणी ठरवावी, हा तो प्रश्न होय.

‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून जगापुढे आला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. परंतु हा शब्द जन्मण्यापूर्वीच यंत्राची वेठ माणसाच्या वाट्याला आली होती. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात मोटारी जुळविण्याचा सरकता पट्टा सुरू झाला. मोटारीचा सांगाडा जुळविण्यास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. ते काम लवकरच दीड तासावर आले. पण दिवसभर एकाच जागी उभे राहून एकच काम करणे मजुरांना असह्य झाले. ते नोकरी सोडून जाऊ लागले, आणि १९१४ साली फोर्डला रोजची मजुरी पाच डॉलरांपर्यंत वाढवावी लागली.

अशा पट्ट्याचे नियोजन कसे असते, हे समजण्यास लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणावी. भात वाढणारा कितीही धावला, तरी तूप येईपर्यंत पाने थांबूनच राहतात. कारखान्यातही तसेच. समजा, पाच कामगारांना एका नगावर अनुक्रमे ४०, ५०, ६०, ४५ आणि ५५ सेकंद लागतात. म्हणजे दर ६० सेकंदांनी एक नग तयार होतो. तिसऱ्या जागी २० सेकंदांत काम उरकणारा यंत्रमानव आणला, तर नग २० सेकंदांत बाहेर पडेल काय? मुळीच नाही, ५५ सेकंद लागतीलच. यंत्र ३५ सेकंद रिकामे उभे राहील, आणि मालकाची नजर मात्र पाचव्या कामगाराच्या हातांवर खिळेल!

याउलट, कामाचा क्रम आड येत नसेल, तर दुसऱ्याचे १० आणि पाचव्याचे १५ सेकंदांचे काम यंत्राकडे सोपवावे. मग यंत्राला ४५ सेकंद पुरतात, कोणाच्याही वाट्याला त्याहून अधिक येत नाही, आणि एकाही माणसाला घाई न करता दर ४५ सेकंदांनी नग निघतो. यंत्र तेच, फरक केवळ वाटणीचा. मात्र तिसऱ्या जागेवरून उठलेल्या कामगाराचे काय, याचे उत्तरही त्याच आराखड्यात, आणि यंत्र येण्यापूर्वी, लिहिलेले असले पाहिजे. ज्या हिशेबात तो माणूसच नाही, तो हिशेब अपुरा होय.

वाटणी योग्य झाल्याची उदाहरणे आहेत. १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा यंत्रमानव साच्यातून निघालेले तापलेले सुटे भाग उचलू लागला. माणसाचा हात भाजू नये, असेच ते काम होते. पुढे १९९६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील कोलगेट व पेश्किन या प्राध्यापकांनी माणसाशेजारी काम करणाऱ्या सहयोगी यंत्राची कल्पना मांडली. आपल्या पुण्याजवळच्या चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यातही असे सहयोगी यंत्रमानव कामगारांच्या शेजारी आले आहेत.

कोणी म्हणेल, माणूसच नको, सारे यंत्रांवर सोपवा! तोही प्रयोग झाला आहे. अतिरेकी यांत्रिकीकरण ही आपली चूक होती, अशी कबुली टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०१८ साली जाहीरपणे दिली. उलट टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून पट्टा थांबवू शकतो, ही रीत जगाने वाखाणली.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे आराखडे आखील, तर कोणी त्या पट्ट्यावर उभा राहील. आखणाऱ्याने उभे राहणाऱ्याला विचारल्यावाचून रेघ ओढू नये, आणि थांबविण्याची दोरी माणसाच्याच हाती ठेवावी. एवढे पाळले, तर वेठ यंत्राच्या वाट्याला जाईल आणि माणूस माणूसच राहील.