वैमानिकाच्या पिशवींतला दुसरा रेडिओ

लातूरच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या चिरंजीवांस नुकताच खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. घरांत सत्यनारायण झाला, पेढे वांटले गेले, आणि मग मुलास भेट काय द्यावी याचा विचार निघाला. आजोबांच्या मतें मनगटी घड्याळ, आत्याबाईंच्या मतें सोन्याची आंगठी. आईंनीं मात्र कोठेंसें वाचलें होतें कीं, वैमानिक जवळ हातांत मावणारा एक जादा रेडिओ बाळगतात. तोच घ्यावा असें त्यांच्या मनांत आलें. त्यावर चिरंजीव हंसून म्हणाले, “आई, विमानांत दोन रेडिओ आधींच असतात, तिसरा कशाला?” भगिनी आम्हांस विचारतात, “मुलाचें बरोबर कीं माझें? आणि माझें बरोबर असेल तर रेडिओ घ्यावा कोणता?”

आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. विमान पाहिलें तें बहुधा खालूनच. तथापि आमचा नांदेडचा एक जुना विद्यार्थी आज विमान चालविण्याचें शिक्षण देत असतो. त्याच्याशीं दोन संध्याकाळ बसून आम्हीं हा विषय समजून घेतला. गुरूनें शिष्याकडून शिकावें यांत कमीपणा तो कसला? जें समजलें तें येथें मांडतों.

प्रथम वादाचा निकाल देऊन टाकतों. आईंचें बरोबर आहे.

लहान विमानाचें, उदाहरणार्थ सेसना १७२ चें, इंजिन ज्या ठिणगीवर चालतें ती ठिणगी मॅग्नेटो नांवाच्या यंत्रांतून निघते. असे दोन मॅग्नेटो असतात व त्यांना विमानाच्या बॅटरीची गरज नसते. रेडिओचें तसें नाहीं. ते दोन्ही रेडिओ, दिवे आणि जमिनीवरील रडारला विमानाची ओळख पटविणारा ट्रान्सपाँडर हीं सर्व अल्टरनेटर व बॅटरी यांच्या एकाच वीजव्यवस्थेवर चालतात. अल्टरनेटर बंद पडला कीं बॅटरीच्या सांठ्यावर कांहीं वेळ काम भागतें, आणि मग सारेंच मूक होतें. इंजिन चालू आहे, पंख शाबूत आहेत, वैमानिक धडधाकट आहे. गेली ती फक्त वाणी. आमच्या मराठवाड्याच्या भाषेंत सांगावयाचें तर एका विहिरीवर दोन मोटा चालल्या म्हणून विहिरी दोन होत नाहींत. विहीर आटली कीं दोन्ही मोटा कोरड्या. चिरंजीवांनीं मोटा मोजल्या, विहीर मोजली नाहीं.

लातूरकरांस ही गोष्ट फार समजावून सांगण्याची गरज पडूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक झोंपलेले असतां, ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची भूमि हादरली. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. लातूर-उस्मानाबादकडील कितीएक खेडीं भुईसपाट झालीं. नेहमींचीं दळणवळणाचीं साधनें जेथें तोकडीं पडलीं तेथें हौशी वायरलेसवाले आपापलीं यंत्रें घेऊन धांवले आणि निरोप इकडून तिकडे पोंचवूं लागले. त्यांचीं यंत्रें कांहीं अद्भुत नव्हतीं. परंतु त्यांची बॅटरी त्यांची स्वतःची होती, आणि त्या यंत्रावर बोलण्याची संवय त्यांनीं शांततेच्या दिवसांत केलेली होती. स्वतःची शक्ति आणि स्वतःची संवय, या दोन गोष्टींवर आपत्काळचें साधन उभें असतें. रेडिओची निवड याच कसोटीवर करावी.

आतां निवडीकडे वळूं. विमानांचें बोलणें ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतें, आणि पद्धति जुन्या मध्यम लहरींच्या आकाशवाणीचीच, म्हणजे ए. एम. असते. लग्नमंडपांत किंवा दारावरच्या रखवालदाराच्या हातीं दिसणारा वॉकी-टॉकी येथें सर्वथा निरुपयोगी होय. हवाई पट्ट्याचाच रेडिओ पाहिजे. आयकॉम व याएसू या जपानी कंपन्यांचे असे रेडिओ वैमानिकांत पुष्कळ प्रचारांत आहेत. त्यांची शक्ति बहुधा ५-६ वॅट असते, तेव्हां एखाद्या वॅटच्या फरकासाठीं जीव टाकण्याचें कारण नाहीं.

पहिली पाहण्याची गोष्ट बॅटरी. लिथियमची बॅटरी हलकी व टिकाऊ खरी, पण ती उतरली असतां आकाशांत भरतां येत नाहीं. म्हणून ज्या रेडिओस बाजारांतले साधे अल्कलाईन सेल घालण्याची वेगळी डबी मिळते तो पसंत करावा. सेल डबींत घालून वर्षानुवर्षें ठेवूं नयेत; ते पाझरतात व डबी खराब करतात. सेल वेगळे, डबी वेगळी, दोन्ही एकाच पिशवींत. आणि पिशवी मोटारींत विसरूं नये. वैशाखांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. बंद मोटारींत लिथियमची बॅटरी किती भाजून निघत असेल याची कल्पनाच करावी.

दुसरी गोष्ट एरिअल. या लहरी सरळ रेषेंत जातात. जमिनीपासून ९०० मीटर उंचीवरील विमानाचें रेडिओ-क्षितिज सुमारें १२० किलोमीटरवर असतें. म्हणजे हिशेबानें लातूरच्या आकाशांतून नांदेडपर्यंत शब्द पोंचावा. पण रेडिओचें रबरी एरिअल धातूच्या केबिनमध्यें कोंडलें गेलें कीं तोच शब्द थोड्याच अंतरावर विरतो. यासाठीं विमानाच्या बाहेरच्या एरिअलला हातांतला रेडिओ जोडण्याची सोय कांहीं विमानांत करून घेतलेली असते. ती असेल तर योग्य ती तार पिशवींत हवी. नसेल तर रेडिओ खिडकीशीं धरून बोलावें. वीज उसनी घेऊं नये, एरिअल मात्र उसनें मिळाल्यास अवश्य घ्यावें.

तिसरी गोष्ट हेडसेट. इंजिनाच्या आवाजांत रेडिओच्या लहानशा कर्ण्यांतले शब्द ऐकूं येत नाहींत. वैमानिकाचा हेडसेट या रेडिओस जोडणारी जोडणी रेडिओबरोबर मिळते कीं वेगळी घ्यावी लागते, हें दुकानांतच विचारावें. आमचा विद्यार्थी म्हणतो कीं, लोक हजारों रुपयांचा रेडिओ घेतात आणि हीच वस्तु विसरतात.

चौथी गोष्ट बटणें. एका हातांत विमानाचा दांडा असतां दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें आंकडे फिरवितां आले पाहिजेत. १२१.५ ही आंतरराष्ट्रीय संकटलहर एकाच बटणावर यावी. आंकडे रात्रीं उजळावे आणि उन्हांतही दिसावे. कांहीं रेडिओंत जी. पी. एस., मार्गदर्शक केंद्राची दिशा दाखविणारी व्ही. ओ. आर. ची सोय, बिनतारी हेडसेटची सोय असें पुष्कळ कांहीं असतें. पैसे असल्यास घ्यावें. पण वरच्या चारांपैकीं एकही गोष्ट सोडून हें घेणें म्हणजे पाया सोडून कळस बांधणें होय.

येथें कायद्याविषयीं दोन शब्द. हा रेडिओ खेळणें नव्हे. आपल्या देशांत असें प्रक्षेपणयंत्र बाळगण्यास व वापरण्यास सरकारी परवानगी लागते, आणि त्यावर बोलणारास रेडिओ-टेलिफोनची परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें. परदेशांतील नातलगाकडून सामानांत घालून आणविण्याचा मोह टाळावा. मुलाच्या विमानसंस्थेकडून परवान्याची रीत आधीं समजून घ्यावी, मग खरेदी करावी. घरीं आल्यावर धाकट्या भावंडांनीं गमतीनें त्याचें बोलण्याचें बटण दाबूं नये. त्याच लहरीवर कोणी विमान उतरवीत असेल.

आतां संवयीची गोष्ट. एखादा म्हणेल, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला पस मॉथ विमान आणलें, तेव्हां त्यांच्यापाशीं रेडिओ कोठें होता? नव्हताच. पण तेव्हां आकाश रिकामें होतें आणि कोणी कोणाच्या शब्दाची वाट पाहत नव्हतें. आज धावपट्टीवरचा प्रत्येक जण दुसऱ्याच्या आवाजावर विसंबून असतो. म्हणून मौन हेंच आज धोक्याचें.

तरीही आवाज गेला म्हणजे पहिलें काम रेडिओ काढण्याचें नव्हे. पहिलें काम विमान सांवरण्याचें, दुसरें मार्ग राखण्याचें, बोलणें तिसरें. मग हेडसेटची खुंटी निसटली आहे काय, आवाजाचें बटण उतरलें आहे काय, लहर चुकली आहे काय, हें पहावें. पुष्कळदां रोग एवढाच असतो. वीज असेल तर ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आंकडा लावावा. रेडिओ बंद पडल्याची ती जगभरची खूण आहे. आणि हातांतला रेडिओही मुका राहिला, तर जेथें नियंत्रण-मनोरा आहे तेथील दिव्याकडे पहावें. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्यास वाट द्या व घिरट्या घाला. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठीं परत या. लुकलुकता तांबडा म्हणजे विमानतळ निर्धोक नाहीं, उतरूं नका. दिवसा पंख हालवून उत्तर द्यावयाचें असतें.

हें सर्व चिरंजीवांस परीक्षेपुरतें पाठ असेलच. पण महाभारताच्या शांतिपर्वांत आपद्धर्माचा उपदेश भीष्मांनीं युधिष्ठिरास केला तो युद्ध संपल्यावर. आपत्तीचा धर्म आपत्ति येण्यापूर्वींच शिकावयाचा असतो. म्हणून आमची भगिनींस सूचना अशी कीं, रेडिओ देतांना मुलाकडून एक वचन घ्यावें: दर महिन्याच्या पहिल्या उड्डाणापूर्वीं, जमिनीवरच, तो रेडिओ पिशवींतून काढून, हेडसेट जोडून, नियमाप्रमाणें एकदां बोलून पहावा आणि बॅटरी भरल्याची तारीख वहींत लिहावी. जो रेडिओ पेटींतून प्रथम संकटांतच बाहेर निघतो, तो असून नसल्यासारखा.

आजोबांचें घड्याळ आणि आत्याबाईंची आंगठी पुढच्या वाढदिवसासाठीं राखून ठेवावी. या वर्षीं आईंच्या मनासारखें होऊं द्यावें. आणि चिरंजीवांस आमचा आशीर्वाद कळवून एवढेंच सांगावें कीं, तो रेडिओ त्यांना एकदांही लागूं नये अशीच आईची इच्छा आहे. पण लागलाच, तर तो हातीं लागावा, चालावा, आणि पलीकडच्यास आपला शब्द ऐकूं जावा.